वाचक विचारतात : 1960 ते 1964 ची गाजलेली गाणी आणि ती ऐकणारे कोल्हापूर

गेल्या अंकात या सदरासाठी साठच्या दशकाच्या आरंभी गाजलेल्या गाण्यांविषयी प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रे शहरातल्या पेठांमधून आणि राजारामपुरीतून आली, काही इचलकरंजी, गडहिंग्लज आणि जयसिंगपूरहून आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत. कोणते गाणे सर्वांत चांगले होते, या प्रश्नापेक्षा ती गाणी आपल्यापर्यंत पोचली कशी, हा प्रश्न अधिक वाचकांनी विचारला, याचे मला समाधान वाटले. त्या काळी एखादे गाणे गाजणे म्हणजे काय, हे ते कोणत्या वाटेने आले यावरच बरेचसे अवलंबून होते.

प्रश्न : आमचे आजोबा सांगतात की बुधवारी रात्री आठ वाजता पेठेत ज्यांच्या ज्यांच्या घरी रेडिओ असे, तिथे एकच कार्यक्रम लागे. त्यातील गाण्यांचे क्रमांक कोण ठरवत होते? आणि आपल्याच देशातील गाणी ऐकण्यासाठी आपल्याला सिलोनकडे का जावे लागत होते?
(शिवाजी पेठ)

उत्तर : आपले आजोबा ‘बिनाका गीतमाला’विषयी सांगत आहेत. हा कार्यक्रम 3 डिसेंबर 1952 रोजी रेडिओ सिलोनवर सुरू झाला आणि अमीन सयानी यांच्या आवाजाने तो घराघरात नेला. आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि 1962 पर्यंत त्या पदावर राहिले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती, ती खरीही होती, आणि आकाशवाणीने देशाची अभिरुची घडवावी असे त्यांना मनापासून वाटत होते. त्याचा परिणाम असा झाला की आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि ऐकणारे लोक सरळ शेजारच्या देशातील स्टेशनकडे वळले. महायुद्धाच्या काळात कोलंबोत उभारलेल्या शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपकांचा आवाज सबंध हिंदुस्थानात पोचत होता. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होत, त्यांच्या फिती विमानाने कोलंबोला जात आणि तिथून ते आपल्याकडे प्रक्षेपित होत. मुंबईत तयार झालेले गाणे सातासमुद्रापलीकडून नसले तरी एका समुद्रापलीकडून कोल्हापुरात येत होते, आणि ते एका मराठी मंत्र्याच्या सदिच्छेमुळे, ही गोष्ट मला आजही गमतीची वाटते. सरकारलाही पुढे हे उमगले आणि 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली, पण बुधवारची सवय तोपर्यंत पक्की झाली होती.

क्रमांकांविषयी सांगायचे तर सुरुवातीच्या काळात हा कार्यक्रम सात गाण्यांची स्पर्धा म्हणून होता आणि श्रोत्यांच्या पत्रांचा अक्षरशः पाऊस पडू लागल्यावर त्याचे स्वरूप बदलले. पुढे गाण्यांना ‘पायदान’ मिळू लागले, म्हणजे क्रमवारी आली. ती ठरवताना मोठ्या शहरांतील दुकानदारांकडून रेकॉर्डच्या विक्रीचे आकडे घेतले जात, पण एखाद्या गाण्याचा साठा दुकानात संपला की त्याची विक्री कमी दिसे, म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची पसंतीही जमेस धरली जाऊ लागली. वर्षाअखेरीस वार्षिक क्रमवारी लागे. तिच्यात 1960 साली ‘बरसात की रात’मधील ‘ज़िंदगी भर नहीं भूलेगी’, 1961 साली ‘ससुराल’मधील ‘तेरी प्यारी प्यारी सूरत को’, 1962 साली ‘जंगली’मधील ‘एहसान तेरा होगा मुझ पर’, 1963 साली ‘ताज महल’मधील ‘जो वादा किया वो निभाना पड़ेगा’ आणि 1964 साली ‘संगम’मधील ‘बोल राधा बोल’ ही गाणी पहिली आली.

हे ऐकणे मात्र आजच्यासारखे सोपे नव्हते. वाड्याच्या कौलांवरून तांब्याच्या तारेची एरियल ओढलेली असे. रेडिओ लावल्यावर आतल्या व्हॉल्व्ह तापेपर्यंत नुसती घरघर ऐकू येई, मग तबकडीवरचा हिरवा ‘जादूचा डोळा’ हळूहळू मिटत येई आणि काटा 25 किंवा 41 मीटरवर केसभर इकडेतिकडे सरकवत बसावे लागे. लघुलहरींचा स्वभावच असा की आवाज मोठा होतो, लांब जातो, पुन्हा जवळ येतो. ज्या कडव्याच्या वेळी आवाज गेला ते कडवे त्या आठवड्यापुरते गेलेच. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता ते चहाच्या हॉटेलात किंवा पानपट्टीपाशी उभे राहत, आणि रेडिओ बाळगणाऱ्याला त्याचे लायसन्स दरवर्षी पोस्टातून नव्याने घ्यावे लागे.

प्रश्न : लग्नाच्या वरातीत बँडवाले एक धून हमखास वाजवतात आणि तिला ‘कम सप्टेंबर’ म्हणतात. हे कोणत्या हिंदी चित्रपटातील गाणे आहे? माझ्या वडिलांच्या लग्नातही ती वाजली होती असे ते सांगतात.
(राजारामपुरी)

उत्तर : ते कोणत्याच हिंदी चित्रपटातील गाणे नाही, आणि मुळात ते गाणेही नाही, ती शब्दांवाचून असलेली धून आहे. ‘कम सप्टेंबर’ हा रॉक हडसन आणि जिना लोलोब्रिजिडा यांचा 1961 मधील अमेरिकन विनोदी चित्रपट. त्याची कथा इटलीत घडते आणि आपल्या वरातींशी तिचा काडीचाही संबंध नाही. चित्रपटात एक तरुण गायकही अभिनेता म्हणून होता, बॉबी डॅरिन. शीर्षकाची धून त्यानेच बांधली. त्या चित्रपटात सँड्रा डी ही नटी होती, आणि चित्रपट पडद्यावर येण्याआधीच दोघांचे लग्न झालेले होते. तेव्हा या धुनेला लग्नाचे वावडे पहिल्यापासूनच नव्हते, असे म्हणायला हरकत नाही.

ती आपल्याकडे एवढी रुजली याची कारणे बँडच्या रचनेत आहेत. हिंदी गाणे वाजवताना क्लॅरिनेट किंवा ट्रंपेटवाल्याला गायकाच्या हरकती, मुरक्या, शब्दांवरचे वजन हे सगळे हवेतून ओढून आणावे लागते, आणि ऐकणारा मनातल्या मनात मूळ आवाजाशी तुलना करत असतो. या धुनेत तुलना करायला आवाजच नाही. चार मात्रांची सरळ चाल आहे, पहिली ओळ लहान आहे आणि ती पुन्हा पुन्हा येते, मध्ये ताशा आणि साइड ड्रमला मोकळी जागा आहे. वरात चालत असेल तर ती चालीत बसते आणि चौकात थांबून नाच सुरू झाला तर लय वाढवून तीच चालवता येते. चित्रपट पाहिलेले लोक शहरात थोडे असतील, धून ऐकलेले मात्र सगळेच. पुढे 1995 च्या ‘राजा’ चित्रपटातील ‘नज़रें मिली दिल धड़का’ या गाण्याची चाल हीच झाली आणि मग तरुण पिढीला वाटू लागले की बँडवाले हिंदी गाणेच वाजवत आहेत. आपला समज त्यातूनच झाला असावा.

प्रश्न : तेव्हाचे आपले संगीतकार पाश्चात्त्य गाण्यांच्या चाली सर्रास उचलत होते, मग त्या काळाला सुवर्णयुग का म्हणायचे? शिवाय कोल्हापूरसारख्या गावात ती मूळ इंग्रजी गाणी कोण ऐकत होते?
(ताराबाई पार्क, याच आशयाचे एक पत्र जयसिंगपूरहून)

उत्तर : मूळ इंग्रजी गाणी ऐकणारी घरे मोजकीच होती. रेडिओ सिलोनचा इंग्रजी विभाग, कुणाकडे तरी पुण्या-मुंबईहून आलेली रेकॉर्ड, लष्करातून रजेवर आलेला एखादा भाऊ, एवढीच काय ती साधने. त्यातून क्लिफ रिचर्ड आणि जिम रीव्ह्ज ही नावे महाविद्यालयीन मुलांच्या तोंडी असत. रीव्ह्जचे ‘ही’ल हॅव टू गो’ 1960 मध्ये जगभर गाजले, आणि त्याचा संथ, खर्जातला, प्रत्येक शब्द स्पष्ट उच्चारणारा आवाज इंग्रजी बेताचे येणाऱ्यालाही कळे. क्लिफ रिचर्ड तर आपलाच, म्हणजे 1940 साली लखनौत जन्मलेला आणि लहानपणीच आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेलेला.

बाकीच्यांना ही गाणी हिंदी चित्रपटांतून कळली, आणि तीही उशिराने. चबी चेकरच्या ‘द ट्विस्ट’ने 1960 मध्ये अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवला आणि ते गाणे 1962 च्या जानेवारीत पुन्हा पहिले आले. त्याचेच ‘लेट्स ट्विस्ट अगेन’ 1961 चे. त्या वळणाचे ‘आओ ट्विस्ट करें’ हे गाणे राहुलदेव बर्मन यांनी मन्ना डे यांच्याकडून ‘भूत बंगला’साठी गाऊन घेतले ते 1965 मध्ये. बीटल्सचे ‘आय वाँट टू होल्ड युअर हँड’ 1963 च्या अखेरीस इंग्लंडात निघाले, आणि 1965 च्या ‘जानवर’मध्ये शंकर-जयकिशन यांच्या हाताखालून ते ‘देखो अब तो किसी को नहीं है ख़बर’ होऊन आले. शाहू किंवा रॉयल टॉकीजमध्ये शिट्ट्या मारणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या चार इंग्रज पोरांचा पत्ता नव्हता, आणि पत्ता असण्याचे कारणही नव्हते.

आता उचलेगिरीविषयी. काही चाली सरळ उचललेल्या होत्या, त्यांचे समर्थन मी करणार नाही. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. सलिल चौधरी यांनी 1961 च्या ‘छाया’मध्ये मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीचा आरंभ घेतला आणि तलत महमूद व लता मंगेशकर यांच्यासाठी ‘इतना न मुझसे तू प्यार बढ़ा’ बांधले; तिथे मुखड्यानंतर गाणे सलिलदांच्या स्वतःच्या वाटेने जाते आणि त्याची शोभा त्या पुढच्या वाटेतच आहे. शिवाय देवघेव फक्त आपल्याकडेच होती असे नाही. एल्विस प्रेस्लीचे 1960 मधील प्रचंड गाजलेले ‘इट्स नाऊ ऑर नेव्हर’ हे नेपल्समधील एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या ‘ओ सोले मिओ’ या गीताच्या चालीवर आहे, आणि 1963 च्या जूनमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते ते क्यू साकामोतो या जपानी गायकाचे, जपानी भाषेतील गाणे. मुंबईत या सगळ्या हवेला वाद्यवृंदात बसवण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोव्याच्या वाद्यवृंद-संयोजकांनी केले. स्वरलिपी वाचणारे, चर्चमध्ये व्हायोलिन शिकलेले हे लोक नसते तर त्या काळातील हिंदी गाण्याचा नाद आपल्याला आठवतो तसा झाला नसता. सुवर्णयुगाचे श्रेय वाटताना त्यांची नावे बहुधा राहूनच जातात.

प्रश्न : हिंदी आणि इंग्रजी गाण्यांचे कौतुक पुष्कळ झाले. त्या चार-पाच वर्षांत कोल्हापूरने काय दिले?
(मंगळवार पेठ)

उत्तर : आपण मंगळवार पेठेतून हे विचारावे, याचा अर्थ उत्तर आपल्याला ठाऊक आहे आणि ते छापून यावे अशी इच्छा आहे. तर घ्या.

आधी 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’चा उल्लेख हवा, कारण साठीतल्या तमाशापटांचे दार त्याने उघडले. दिग्दर्शक अनंत माने, संगीत वसंत पवार यांचे, आणि ‘बुगडी माझी सांडली गं’ ही ग. दि. माडगूळकरांची लावणी आशा भोसले यांच्या आवाजात. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो अडीच वर्षे चालला, म्हणजे ती लावणी 1960 आणि 1961 मध्येही नवीच होती. 1962 मध्ये ‘रंगल्या रात्री अशा’ आला. त्यात जगदीश खेबूडकर या शिक्षकी पेशातल्या तरुण कवीने लिहिलेली आणि सुलोचना चव्हाण यांनी गायलेली लावणी होती : नाव, गाव कशाला पुसता, मी कोल्हापूरची, मला लवंगी मिरची म्हणतात. खेबूडकरांची चित्रपटगीतांची कारकीर्द इथून सुरू झाली. ही लावणी ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : सुलोचनाबाई डोक्यावरचा पदर ढळू न देता, जागचे न हलता गात. सगळा ठसका शब्दफेकीत आहे, ‘मिरची’तल्या ‘च’वर दिलेल्या झटक्यात आहे. जो हावभाव आपल्याला डोळ्यांसमोर दिसल्यासारखा वाटतो, तो त्यांनी कंठातून उभा केलेला आहे.

दुसरी मोठी गोष्ट कोल्हापुरातल्याच जयप्रभा चित्रपट स्टुडिओची. भालजी पेंढारकर यांच्या 1963 मधील ‘मोहित्यांची मंजुळा’ला संगीत दिले ‘आनंदघन’ या नावाच्या नव्या संगीतकाराने. हे नाव लता मंगेशकर यांनी घेतलेले टोपणनाव होते. दीनानाथांच्या निधनानंतर मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये काम करत असताना त्यांचे काही दिवस कोल्हापुरातच गेले होते, त्यामुळे भालजींचा शब्द त्यांच्यासाठी घरातल्या वडीलधाऱ्याचा होता. ‘बाई बाई मनमोराचा’ या चित्रपटातले. पाठोपाठ 1964 मध्ये ‘मराठा तितुका मेळवावा’ आला आणि त्यातील ‘अखेरचा हा तुला दंडवत’ आणि ‘रेशमाच्या रेघांनी’ ही गाणी घरोघरी गेली. दुसरे शांता शेळके यांचे, आशाबाईंनी गायलेले. पहिल्या गाण्याची चाल पाहावी. गाव सोडून जाणाऱ्या बाईचे दुःख त्यात आहे, पण चाल कुठेही रडवेली होत नाही. ती ओवीच्या अंगाने जाते आणि वाद्ये जवळजवळ मागे उभी राहतात. ज्या बाईंसाठी देशातील सगळे संगीतकार शंभर वाद्ये उभी करत होते, त्यांनी स्वतः चाल लावताना इतके थोडके वापरावे, यातच त्यांची जाण दिसते. टोपणनाव फार दिवस टिकले नाही. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला, समारंभात आनंदघन यांचे नाव पुकारले गेले आणि उठून उभ्या राहिल्या त्या लताबाई.

सुधीर फडके यांचा जन्मही कोल्हापूरचाच, 1919 सालचा. 1961 च्या ‘प्रपंच’मधील त्यांचे ‘फिरत्या चाकावरती देसी मातीला आकार’ हे गाणे आजही कीर्तनात आणि शाळांच्या स्नेहसंमेलनात सारख्याच सहजतेने गायले जाते. भावगीतांत याच सुमाराचे ‘शुक्रतारा, मंद वारा’. मंगेश पाडगावकर यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे आवाज. 1963 मध्ये आकाशवाणीचे सांगली केंद्र सुरू झाले आणि अशी गाणी ऐकण्यासाठी पुणे केंद्राचा क्षीण आवाज पकडत बसण्याची गरज आपल्या भागात राहिली नाही.

खेड्यांत मात्र या सगळ्याचा प्रवास वेगळ्या मार्गाने झाला. तंबूतल्या सिनेमाचा खेळ सुरू होण्याआधी कर्ण्यावरून रेकॉर्डी वाजत, आणि गाव शेतातून परतत असतानाच आज कोणता चित्रपट आहे ते गाण्यावरून ओळखत असे. गणेशोत्सवात तालमींचे कर्णेही तेच करत. लवंगी मिरची रेडिओपेक्षा कर्ण्यावरून अधिक पसरली, असे माझे मत आहे.

प्रश्न : ‘ऐ मेरे वतन के लोगों’ हे कोणत्या चित्रपटातील आणि ते प्रथम 26 जानेवारीला गायले गेले हे खरे आहे का?
(इचलकरंजी)

उत्तर : ते कोणत्याही चित्रपटातील नाही. ते प्रथम 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये, पंडित नेहरूंच्या उपस्थितीत गायले गेले. शब्द कवी प्रदीप यांचे, संगीत सी. रामचंद्र यांचे, ते आपल्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांब्याचे, म्हणजे रामचंद्र चितळकर.

प्रश्न : तेव्हाचे प्रत्येक गाणे सोने होते. आज तसे एकही गाणे का होत नाही?
(शाहूपुरी)

उत्तर : क्षमा असावी, पण प्रत्येक गाणे सोने नव्हते. त्या काळी दरवर्षी शेकडो गाणी ध्वनिमुद्रित होत आणि त्यांतील बहुतेक आज कुणालाही आठवत नाहीत. आपल्याला आठवतात ती चाळणीत वर राहिलेली. शिवाय चाळणी तेव्हाची आणि आताची एक नव्हे. 1961 साली गीतमालेच्या वार्षिक यादीत ‘तेरी प्यारी प्यारी सूरत को’ पहिले होते. त्याच वर्षीच्या ‘हम दोनों’मधील ‘अभी न जाओ छोड़ कर’, जयदेव यांच्या चालीचे, आज त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकले जाते. 1964 मध्ये पहिले आले ‘संगम’चे गाणे, आणि आज तरुण मुले गिटार घेऊन गातात ते त्याच वर्षीच्या ‘वह कौन थी’मधील मदनमोहन यांचे ‘लग जा गले’. मला स्वतःला आजचीही काही गाणी आवडतात. त्यांची नावे येथे दिली तर पुढच्या अंकाला पत्रे पुरणार नाहीत.

प्रश्न : माळ्यावर आजोबांच्या जुन्या रेकॉर्डी सापडल्या. जड आहेत, दोन्ही बाजूंना एकेकच गाणे आहे. नव्या रेकॉर्ड प्लेयरवर लावल्या तर चालतील का? शिवाय चित्रपटात ऐकलेले एक कडवे रेकॉर्डवर नाही, ते का?
(गडहिंग्लज)

उत्तर : या लाखेच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्या आहेत. एका बाजूला साधारण तीन ते सव्वातीन मिनिटेच मावत, म्हणून लांबलेले गाणे एक तर कडवे गाळून छापत किंवा दोन बाजूंवर विभागत. आपल्या गाण्याचे कडवे तिथेच गेले. इंग्लंड-अमेरिकेत या तबकड्या 1960 च्या आसपास बंद झाल्या; आपल्याकडे मात्र कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातून त्या पुढेही निघत राहिल्या, कारण चावीचे फोनो गावोगाव चालू होते आणि त्यांना वीज लागत नव्हती. त्यामुळे बीटल्सची काही गाणी 78 च्या तबकडीवर निघाली ती भारतात, आणि परदेशातले संग्राहक आज ती शोधत फिरतात. आपल्या गठ्ठ्यात इंग्रजी नावाची एखादी तबकडी असेल तर ती भंगारात देऊ नये.

नवा प्लेयर 78 च्या गतीवर चालतो का, हे आधी पाहावे. पुष्कळ यंत्रांत फक्त 33 आणि 45 असतात. गती असली तरी सुई बदलावी लागते. या तबकड्यांची खाच रुंद असते आणि तिला 3 मिल, म्हणजे इंचाच्या तीन हजारांश, जाडीची सुई लागते. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाला घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. धुण्यासाठी स्पिरिट किंवा अल्कोहोल मुळीच वापरू नये, लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसावे, मधला कागद भिजू देऊ नये आणि सावलीत वाळवावे. ठेवताना उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्या की खालच्या तबकड्यांना तडे जातात. आजोबांचा चावीचा फोनोही माळ्यावर असेल तर त्याची पोलादी पिन प्रत्येक बाजूनंतर बदलावी, कारण एका बाजूत तिचे टोक झिजते आणि झिजलेली पिन पुढच्या गाण्याची खाच कापते. चावी जोर लावून शेवटपर्यंत पिळू नये, स्प्रिंग तुटते, आणि ती दुरुस्त करणारे कारागीर आता फारसे राहिलेले नाहीत.